टूमस्टोन, अ‍ॅरिझोना : गोळीबारापलीकडे काय पाहावं?

वारणेकाठ

नमस्कार मंडळी. आम्ही फिनिक्सजवळ राहतो. नोव्हेंबरात आई-बाबा कोल्हापूरहून येताहेत. ग्रँड कॅनियन आणि सेडोनाबद्दल इथे भरपूर वाचायला मिळालं, पण बाबांची मागणी वेगळीच आहे. तरुणपणी त्यांनी काऊबॉयचे सिनेमे मनापासून पाहिले. आता अ‍ॅरिझोनात येतोच आहोत तर १८८१ मधल्या गोळीबारामुळे गाजलेलं टूमस्टोन गाव बघायचंच, असं त्यांनी फोनवर ठणकावून सांगितलंय. आई इतिहासाची शिक्षिका होती. तिचा प्रश्न असा, की तीस सेकंदांच्या गोळीबारासाठी एवढं लांब जायचं, तर त्या गावात त्याशिवाय काय आहे?

मला दोघांनाही खूश करायचं आहे. जाऊन आलेल्यांनी कृपया सांगा : एका दिवसात जाऊन येणं जमेल का? आईचे गुडघे दुखतात, चालणं कितपत आहे? दोघं शाकाहारी आहेत. आणि मुख्य म्हणजे, तिथला इतिहास खरा किती आणि पर्यटकांसाठी उभा केलेला किती?

आडवाटेचा

टूसॉनला राहतो, त्यामुळे पाहुणे आले की हा रस्ता ठरलेला. आधी व्यवहाराचं सांगतो.

फिनिक्सहून साधारण १८० मैल, न थांबता तीन तास. टूसॉन ओलांडून आय-१० महामार्गावर पूर्वेला बेन्सनपर्यंत यायचं, ३०३ क्रमांकाच्या एक्झिटला उतरून हायवे ८० धरायचा. तिथून दक्षिणेला पंचवीसेक मैल. गाव सुमारे ४५०० फूट उंचीवर आहे. फिनिक्सला हाफ शर्टात फिरत असाल, तरी नोव्हेंबरच्या संध्याकाळी तिथे स्वेटर लागतो. आईबाबांसाठी शाल गाडीतच ठेवा.

एका दिवसात जाऊन येता येतं, पण ज्येष्ठांना घेऊन नका करू. पुढे बिस्बीला मुक्काम करा, ते चोवीसेक मैलांवर आहे.

मुख्य रस्ता म्हणजे अ‍ॅलन स्ट्रीट. जुन्या भागात तो गाड्यांना बंद आहे, घोडागाड्या फिरतात. दोन्ही बाजूंना छपराखाली लाकडी फळ्यांचे पादपथ. फळ्या काही ठिकाणी वरखाली आहेत, मध्ये पायऱ्या येतात, म्हणून आईंना चांगली पकड असलेले बूट घालायला सांगा. पण पाहायच्या जागा जवळजवळ आहेत. थोडं चालायचं, बसायचं, असं करत सगळं होतं. खाण्याचं म्हणाल तर बीन बरिटो, चीज एन्चिलाडा, सॅलड, फ्राइज. बीन्स डुकराच्या चरबीत शिजवल्यात का ते प्रत्येक ठिकाणी विचारा, या भागात तशी पद्धत आहे. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बरोबर असली की निश्चिंती.

खडीसाखर

माझं मत थोडं वेगळं आहे आणि ते स्पष्ट सांगते. आमची निराशा झाली. टीशर्टांची दुकानं, नकली पिस्तुलं, जुन्या वेषात फोटो काढून देणारे, आणि दर काही तासांनी तिकीट लावून गोळीबाराचा खेळ. माझी मुलगी तेव्हा लहान होती, त्या आवाजाने ती घाबरली आणि पुढचा सगळा वेळ मला चिकटून होती. तीन माणसं मेली त्या घटनेवर रोज टाळ्या वाजतात, हे मला बघवलं नाही. तुमच्या आईंना इतिहासाची आवड असेल तर त्यांना त्या रस्त्यावर फारसं काही मिळणार नाही.

जुनी_पानं

खडीसाखर, तुमचं म्हणणं पटतं, पण गाव सोडून देऊ नका. गावात शिरताना कुठल्या दारातून शिरता यावर सगळं अवलंबून आहे. अ‍ॅलन स्ट्रीटवरून सुरुवात केली तर तुम्ही म्हणता तसंच होतं. वारणेकाठ, तुम्ही सुरुवात कोर्टापासून करा.

टफनट स्ट्रीटवर लाल विटांची दुमजली इमारत आहे, १८८२ साली बांधलेली. कोचीस काऊंटीचं, म्हणजे जिल्ह्याचं, हे कोर्ट. शेरीफची कचेरी, तुरुंग, न्यायालय, नोंदणी सगळं इथे चालायचं. १९२९ साली काऊंटीचं मुख्य ठाणं बिस्बीला हललं आणि ही इमारत रिकामी पडली. आज ती राज्याच्या ताब्यातलं ऐतिहासिक उद्यान म्हणून जपली आहे. वरच्या मजल्यावर न्यायालयाची खोली आहे, मागच्या अंगणात फाशीच्या तख्ताची प्रतिकृती आहे. तासभर शांतपणे फिरलं की हे गाव गुंडांचं नव्हतं हे लक्षात येतं. वकील, सावकार, मोजणीदार, छापखानेवाले आणि खाणमालक यांचं गाव होतं ते, आणि त्यांना कायद्याचं राज्य लवकरात लवकर हवं होतं. त्यातूनच तो गोळीबार झाला.

आता त्या दिवसाबद्दल. १८८१ च्या एप्रिलमध्ये नगरपालिकेने ९ क्रमांकाचा वटहुकूम काढला होता : गावात शस्त्र घेऊन फिरायचं नाही. आलात तर तबेल्यात किंवा सलूनमध्ये जमा करायचं आणि जाताना परत न्यायचं. सिनेमात प्रत्येकाच्या कमरेला पिस्तूल असतं, पण प्रत्यक्षात गावात ते बाळगणं हाच गुन्हा होता. २६ ऑक्टोबर १८८१ च्या दुपारी मार्शल व्हर्जिल अर्प, त्याचे भाऊ वायट आणि मॉर्गन, आणि दातांचा डॉक्टर असलेला डॉक हॉलिडे हे चौघे निघाले, ते क्लँटन आणि मॅक्लॉरी या आसपासच्या पशुपालक मंडळींची शस्त्रं काढून घेण्यासाठी. निदान त्यांचं म्हणणं तसं होतं. अर्ध्या मिनिटात तीसेक गोळ्या झाडल्या गेल्या. बिली क्लँटन, टॉम मॅक्लॉरी आणि फ्रँक मॅक्लॉरी मेले. ज्याच्या धमक्यांवरून सगळं पेटलं तो आइक क्लँटन निःशस्त्र होता, तो पळाला. व्हर्जिल, मॉर्गन आणि हॉलिडे जखमी झाले, वायटला ओरखडाही नाही.

आणि ज्याच्या नावाने हा गोळीबार ओळखला जातो, त्या ओके कोराल या घोड्यांच्या तबेल्याच्या आवारात हे झालं नाही. त्याच्या मागच्या बाजूला, फ्रीमाँट स्ट्रीटलगत, कॅमिलस फ्लाय नावाच्या छायाचित्रकाराच्या घराशेजारच्या अरुंद मोकळ्या जागेत झालं. समोरासमोरचं अंतर एखाद्या खोलीएवढं. तिथे उभं राहिलं की आधी त्या जवळिकीनेच अंगावर काटा येतो.

पुढे न्यायाधीश वेल्स स्पायसर यांच्यासमोर महिनाभर सुनावणी चालली. साक्षीदार एकमेकांच्या उलट बोलले. हात वर केले होते का? पहिली गोळी कुणाची? टॉम मॅक्लॉरीकडे पिस्तूल होतं की नव्हतं? ३० नोव्हेंबरला स्पायसरनी अर्प मंडळींवर खटला भरण्याइतका पुरावा नाही असा निर्णय दिला, पण क्लँटनबरोबर आधीच वैर असताना वायट आणि हॉलिडेला मदतीला घेणं हा व्हर्जिलचा अविचार होता, असंही त्यात नोंदवलं. तुमच्या आईंना हे नक्की आवडेल. दोन वर्तमानपत्रं होती, तीही दोन बाजूंची : एपिटाफ अर्पांच्या बाजूचं, नगेट विरुद्ध बाजूचं. एपिटाफच्या जुन्या छापखान्याच्या जागी लहानसं संग्रहालय आहे, छापायचं यंत्र बघायला मिळतं.

वारणेकाठ

जुनी_पानं, खूप आभार. आईला वाचून दाखवलं. तिचा पुढचा प्रश्न : मुळात वैर कशाचं होतं? "चांगले विरुद्ध वाईट" हे तिला पटत नाहीये.

जुनी_पानं

प्रश्न अगदी बरोबर आहे. नकाशा उघडा. टूमस्टोनपासून मेक्सिकोची हद्द तीसेक मैलांवर. हा पट्टा १८५४ पर्यंत मेक्सिकोचाच होता, गॅड्सडेन खरेदीत अमेरिकेने एक कोटी डॉलर मोजून घेतला. म्हणजे १८८१ साली ही हद्द अवघी सत्तावीस वर्षांची होती. हद्दीपलीकडे सोनोरातून गुरं पळवून आणायची आणि इकडे खाणकामगारांना, लष्कराला विकायची, हा मोठा धंदा होता. तो करणाऱ्यांना इथे काऊबॉय म्हणत, आणि क्लँटन-मॅक्लॉरी त्यांच्यातलेच मानले जात. त्या काळी या भागात हा शब्द सन्मानाचा नव्हता, सरळमार्गी पशुपालकाला तसं म्हटलेलं खपत नसे. गावातल्या व्यापाऱ्यांना उत्तरेकडचं भांडवल हवं होतं, त्यासाठी शांतता हवी होती. आसपासचे पशुपालक बरेचसे दक्षिणेकडचे, टेक्सासचे, डेमोक्रॅट. अर्प रिपब्लिकन. शिवाय १८८१ च्या फेब्रुवारीत नवी काऊंटी झाली आणि शेरीफपद जॉन बिहानला मिळालं. ते पद वायटलाही हवं होतं, कारण शेरीफला करवसुलीचा हिस्सा मिळे. पैसा, पक्ष, हद्द आणि गुरं, असं सगळं त्या मोकळ्या जागेत एकत्र आलं.

त्यानंतर सूडाचं सत्र. डिसेंबरअखेरीस व्हर्जिलवर दबा धरून गोळ्या झाडल्या, त्याचा हात कायमचा गेला. मार्च १८८२ मध्ये मॉर्गन बिलियर्ड खेळताना मारला गेला. दोन दिवसांनी टूसॉनच्या रेल्वे यार्डात त्या खुनातला संशयित फ्रँक स्टिलवेल याचं प्रेत सापडलं, आणि वायटवर वॉरंट निघालं. तो अ‍ॅरिझोना सोडून गेला. वारला १९२९ साली, लॉस एंजेलिसला. त्याची कीर्ती झाली ती बहुतेक मेल्यानंतर.

खोलखाण

आमचं आयुष्य भंडाऱ्याकडच्या मँगनीजच्या खाणीत गेलं, त्यामुळे लेकीकडे अ‍ॅरिझोनात आलो तेव्हा मला गोळीबारात नाही, खाणीत रस होता. हे गाव चांदीमुळे जन्मलं आणि पाण्यामुळे बुडालं, ते सांगितल्याशिवाय टूमस्टोन समजत नाही.

एड शिफलिन नावाचा माणूस १८७७ साली एकटा या डोंगरात धातू शोधत हिंडत होता. वाचूकाच्या लष्करी तळावरचे सैनिक म्हणाले, तुला तिथे तुझ्या थडग्याचा दगडच सापडेल. त्याने खाणीच्या दाव्याला तेच नाव दिलं. भाऊ अल आणि धातूपरीक्षक रिचर्ड गर्ड यांना भागीदार केलं, आणि १८७९ मध्ये गाव आखलं गेलं. वरच्या थरातली चांदी ऑक्सिडीकृत होती, काढायला आणि शुद्ध करायला सोपी. पण खनिज दळायच्या गिरण्यांना पाणी लागतं आणि गावात पाणी नव्हतं. म्हणून खनिज खेचरांच्या गाड्यांतून सॅन पेड्रो नदीकाठी न्यायचे. तिथे गिरण्यांची वेगळी गावं वसली : चार्ल्सटन, कंटेन्शन सिटी. आज तिथे भिंतींचे अवशेष आहेत. पिण्याचं पाणी तर विकत घ्यावं लागे. १८८१ च्या जूनमध्ये आणि परत १८८२ च्या मेमध्ये बाजारपेठ जळाली, विझवायला पाणी नाही. मग वाचूका डोंगरातून वीस मैलांहून लांब लोखंडी नळ टाकून पाणी आणलं.

आणि वर नळाने पाणी आणायची धडपड चालू होती तेव्हाच खाली, पाचशे फुटांच्या जरा पुढे, खाणीला पाणी लागलं. आधी लोकांना आनंद झाला, गिरण्या गावातच चालतील म्हणून. पण खोल जाल तसं पाणी वाढत गेलं. कंटेन्शन आणि ग्रँड सेंट्रल या कंपन्यांनी अजस्र पंप बसवले. आता गंमत अशी, म्हणजे खाणीत काम केलेल्याला हे लगेच कळेल, जमिनीखालचं पाणी मालकी ओळखत नाही. एकाने उपसलं की शेजाऱ्याच्या खाणीतली पातळीही खाली येते, मग शेजारी खर्चात वाटा कशाला देईल? १८८६ च्या मेमध्ये ग्रँड सेंट्रलचा पंप आगीत गेला. चांदीचा भाव आधीच पडत होता. पुन्हा एवढा खर्च करायला कुणी धजावलं नाही. १९०१ नंतर एका कंपनीने परत मोठा उपसा करून पाहिला, दशकभरात तोही थांबला. चांदी अजून खाली आहे, पाण्याखाली.

गावाच्या पश्चिमेला शिफलिनची समाधी आहे, दगडांचा उंच ढीग. तो १८९७ साली ऑरेगॉनमध्ये वारला, पण त्याच्या इच्छेप्रमाणे त्याला इथे आणून, खाणकामगाराच्या कपड्यात, कुदळ आणि पाण्याच्या बुधल्यासकट पुरलं. तिथे फारसं कुणी जात नाही. तुमचे बाबा येतील का बघा.

आडवाटेचा

खोलखाण काका, सुंदर लिहिलंत. एक जोड देतो. वाचूका डोंगरातलं ते पाणी गाव आजही वापरतं. २०११ साली त्या डोंगरात मोठा वणवा लागला, मागोमाग पावसाळ्यात दरडी आणि गाळ वाहून आला आणि नळ ठिकठिकाणी तुटले, गाडले गेले. तो भाग आता संरक्षित अरण्य असल्याने यंत्रं नेऊन दुरुस्ती करायला वनखात्याने मनाई केली. लोक फावडी-कुदळी घेऊन हाताने नळ उकरायला गेले. नगरपालिका कोर्टात गेली, पण निकाल तिच्या बाजूने लागला नाही. तेराशेच्या आसपास वस्तीचं गाव, एकशेतीस वर्षं जुन्या नळासाठी केंद्र सरकारशी भांडलं, हा इतिहास मला चालू वाटतो.

आणि गिरण्यांच्या गावांची कल्पना यायची असेल तर हायवे ८२ वर फेअरबँकला थांबा. जुनं रेल्वे स्थानकाचं गाव, आता ओसाड, पण काही घरं आणि १९२० च्या दशकातली शाळा नीट राखली आहे. नदीकाठी कॉटनवुडची झाडं आहेत, नोव्हेंबरात पिवळी झालेली असतात. खाण्याचं दुकान नाही, डबा तिथे खा.

रानवाट

मी हा धागा वाचत होते आणि वाट बघत होते की इथल्या मूळ रहिवाशांचं, अपाचींचं, नाव कुणी काढतंय का. ज्या सैनिकांनी शिफलिनला थडग्याचं सांगितलं, ते तिथे कशासाठी होते? हा देश चिरिकावा अपाचींचा होता. टूमस्टोनच्या रस्त्यावरून ईशान्येला जी उभ्या सुळक्यांची रांग दिसते ते ड्रगून डोंगर. त्यांचा प्रमुख कोचीस आणि त्याची माणसं दहाबारा वर्षं तिथून लढली. १८७२ साली जनरल हॉवर्डने स्वतः तिथे जाऊन कोचीसशी तह केला, अपाचींना त्यांच्याच डोंगरांत राखीव प्रदेश दिला. कोचीस १८७४ ला वारला, त्याला त्याच सुळक्यांत कुठेतरी पुरलं आणि जागा कुणाला सांगितली नाही. १८७६ ला सरकारने तो प्रदेश रद्द केला. १८७७ ला शिफलिन चांदी शोधायला आला. या तारखा शेजारीशेजारी ठेवून बघा.

एपिटाफचा संस्थापक आणि गावाचा नगराध्यक्ष जॉन क्लम हा त्याआधी सान कार्लोसच्या अपाची वसाहतीवरचा सरकारी अधिकारी होता. चिरिकावांना तिकडे हलवलं ते त्यानेच, आणि जेरोनिमो या अपाची योद्ध्याला १८७७ साली पकडलं तेही त्यानेच. ज्याच्या घराशेजारी गोळीबार झाला त्या फ्लायने १८८६ च्या मार्चमध्ये हद्दीपलीकडे जाऊन जेरोनिमोचे फोटो काढले. लढाई संपलेली नसताना, हातात बंदुका असलेल्या अपाचींचे. त्या सप्टेंबरात जेरोनिमो शरण आला. त्यानंतर सगळ्या चिरिकावांना आगगाडीत घालून फ्लोरिडाला नेलं, त्यांत अमेरिकन सैन्याला वाट दाखवणारे अपाचीही होते. सत्तावीस वर्षं ती माणसं युद्धकैदी होती. कैदेत जन्मलेली मुलंसुद्धा.

अर्ध्या मिनिटाच्या गोळीबाराचा खेळ रोज होतो. या गोष्टीला गावात एखादा कोपरा मिळतो, मला ते खटकतं.

खडीसाखर

रानवाट, मला जे सांगता येत नव्हतं ते तुम्ही सांगितलंत. मग हे कुठे पाहायचं?

रानवाट

तीन जागा. आय-१० वरच ड्रगूनजवळ, टेक्सास कॅनियनच्या प्रचंड गोलगोल शिळांमध्ये अमेरिंड संग्रहालय आहे. इमारत देखणी आहे, चालणं कमी, वारणेकाठच्या आईंना जमेल. दुसरी कोचीस स्ट्राँगहोल्ड, ड्रगून डोंगरातली दरी. शेवटचे काही मैल कच्चा रस्ता आहे, पण सुरुवातीची सपाट पायवाट सोपी आहे, ओकच्या सावलीत. तिसरी फोर्ट बोवी, अपाची खिंडीतला लष्करी तळ, तिथे जायला दीड मैल चालावं लागतं, म्हणून ज्येष्ठांबरोबर नको. मुलीला घेऊन गेलात तर स्ट्राँगहोल्डलाच जा.

शेवंता

मी तुमच्या आईच्या वयाची आहे, म्हणून दोन जागा सांगते ज्या मला आवडल्या.

पहिली गुलाबाचं झाड. १८८५ साली एका खाणवाल्याच्या बायकोला स्कॉटलंडहून माहेरच्या रोपांची पेटी आली, त्यातलं एक रोप तिने घरमालकिणीला दिलं, ते त्यांनी अंगणात लावलं. लेडी बँक्स जातीचं, पांढऱ्या बारीक फुलांचं. आज त्याचं खोड झाडाएवढं आहे आणि मांडव अख्ख्या अंगणावर, जगातलं सर्वात मोठं गुलाबाचं झाड म्हणून गिनीजमध्ये नोंद आहे. फुलं मार्चअखेर ते एप्रिलमध्ये येतात, नोव्हेंबरात नाहीत. पण मांडवाखाली बाकं आहेत, गुडघ्यांना विश्रांती मिळते. आमच्या वाड्यातल्या जाईच्या मांडवाखाली बसल्यासारखं वाटलं मला.

दुसरी बूटहिल दफनभूमी, गावाच्या उत्तरेला. तिथल्या पाट्या नंतर नव्याने लावलेल्या आहेत, गमतीदार ओळी कितपत खऱ्या कुणास ठाऊक, तिकडे फार लक्ष देऊ नका. पण एका बाजूला चिनी लोकांची थडगी आहेत. धोबीकाम, भाजीमळे, खानावळी त्यांच्याकडे होत्या आणि गावातले काही लोक त्यांना हाकलायच्या सभा भरवत होते. चायना मेरी नावाची बाई त्या वस्तीची मुखत्यार होती, कामगार तीच पुरवायची, १९०६ साली गेली, तीही तिथेच आहे. आणि १८८४ मध्ये फाशी गेलेले पाच जण आहेत, बिस्बीच्या दुकानावरच्या दरोड्यात माणसं मारलेले. त्या फाशीसाठी कुणी तरी तिकिटं विकायला लाकडी मचाण बांधलं होतं. नेली कॅशमन नावाच्या खानावळवाल्या आयरिश बाईने आदल्या रात्री खाणकामगारांकडून ते पाडून टाकलं, असं सांगतात. बहिणीची पाच पोरकी मुलं वाढवणारी, चर्चसाठी, दवाखान्यासाठी वर्गणी मागत फिरणारी बाई. माझ्या मते या गावाची नायिका तीच.

थडगी चढावर आहेत, पायाखाली खडी आहे. काठी न्या.

वारणेकाठ

जाऊन आलो! सगळ्यांचे मनापासून आभार.

कोर्टापासूनच सुरुवात केली. आई वरच्या मजल्यावर न्यायालयाच्या खोलीत बराच वेळ बसून राहिली, मग फ्रीमाँट स्ट्रीटवरची जागा तिने पावलं टाकून मोजली आणि म्हणाली, एवढ्याशा जागेत कुणीच नेम चुकायला नको होता. बाबांना गोळीबाराचा खेळ बघायचाच होता. आई आणि मी तेवढ्यात गुलाबाच्या मांडवाखाली बसलो. बाबा बाहेर आले ते खुशीत होते, त्यांची हौस फिटली आणि मला त्याचं समाधान आहे. नंतर बर्ड केज थिएटर पाहिलं. १८८१ च्या डिसेंबरात उघडलेली ही नाट्यशाळा, वर दोन्ही बाजूंना पडदे लावलेले कठडे, भिंतींना गोळ्यांची भोकं दाखवतात. आत अंधार आणि धूळ आहे, वस्तू दाटीने मांडल्या आहेत, पण वास्तू अस्सल वाटली. तळघरात वर्षानुवर्षं चाललेल्या जुगाराच्या डावाची गोष्ट सांगतात, ती मात्र आईला पटली नाही.

शिफलिनच्या समाधीपाशी आम्ही सोडून कुणी नव्हतं. खोलखाण काका, बाबांनी तुमचा प्रतिसाद तिथे मोठ्याने वाचला.

मुक्काम बिस्बीला केला. ते गाव तर आम्हाला फारच आवडलं. तांब्याची खाण १९७५ मध्ये बंद झाली, पण क्वीन माइनमध्ये पिवळा रेनकोट, हेल्मेट आणि दिवा देऊन छोट्या गाडीवर बसवून आत नेतात. आत थंडी असते, शाल कामाला आली. खाली उतरून काही पायऱ्या चढायच्या असतात, आई गाडीपाशीच थांबली. १९१७ च्या जुलैमध्ये तिथे संपावरच्या सुमारे १२०० कामगारांना बंदुकीच्या धाकाने गुरांच्या डब्यांत भरून न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात सोडून दिलं होतं, त्याची माहिती तिथल्या खाण संग्रहालयात व्यवस्थित दिली आहे. टूमस्टोनपेक्षा बिस्बी आपल्या भूतकाळाबद्दल जास्त मोकळेपणाने बोलतं, असं आईचं मत.

परतीच्या वाटेवर फेअरबँकला दशम्या खाल्ल्या. अमेरिंड राहिलं, वेळ नव्हता. वसंतात गुलाब फुलल्यावर नवऱ्याच्या आईवडिलांना घेऊन जाऊ, तेव्हा आधी तिथेच.

पाऊलखूण

धागा जुना आहे पण उपयोगी, म्हणून विचारतो. आम्ही जूनच्या शेवटी ह्यूस्टनहून गाडीने येतोय, मुलं आठ आणि अकरा वर्षांची, सोबत सासूसासरे पर्यटक व्हिसावर. उन्हाळ्यात टूमस्टोन झेपेल का? आणि वाटेत सीमा पोलिसांची तपासणी असते असं ऐकलं, ते खरं का?

आडवाटेचा

खरं आहे. टूमस्टोनहून बेन्सनकडे परत येताना, हायवे ८० वर गावाच्या उत्तरेला सीमा गस्तीदलाची चौकी असते. बिस्बीहून हायवे ९० ने आलात तरी तिकडे एक आहे. घाबरायचं काही कारण नाही, पण नागरिक नसलेल्या प्रौढांनी आपली कागदपत्रं जवळ बाळगावीत असा नियमच आहे. सासूसासऱ्यांचे मूळ पासपोर्ट आणि आय-९४ ची (अमेरिकेत प्रवेशाच्या नोंदीची) छापील प्रत पर्समध्ये ठेवा, हॉटेलच्या तिजोरीत नको. तुम्ही एच-१ या कामाच्या व्हिसावर असाल तर तुमचेही. त्या भागात फोनला रेंज मधूनमधून जाते, म्हणून फोनमधल्या प्रतीवर विसंबू नका. विचारलं तेवढंच उत्तर द्या, बहुतेक वेळा दोन मिनिटांत सोडतात.

जूनचा शेवट हा तिकडचा सगळ्यात तापलेला आणि कोरडा काळ. फिनिक्सपेक्षा बरं, तरी दुपारी रस्त्यावर उभं राहवत नाही. सकाळी लवकर गाव बघा, दुपारी कार्चनर गुहेत जा. बेन्सनच्या दक्षिणेला हायवे ९० वर आहे. १९७४ मध्ये दोन तरुणांना ती सापडली, चुन्याचे थर अजून वाढताहेत, म्हणून त्यांनी चौदा वर्षं ती गुप्त ठेवली. लोकांसाठी १९९९ ला उघडली. वाट सिमेंटची आहे, ज्येष्ठांना जमते. आरक्षण आधी करा, ऐन वेळी जागा मिळत नाही. आत फोन, कॅमेरा नेऊ देत नाहीत आणि भिंतीला हात लावायचा नाही, हे मुलांना आधीच सांगून ठेवा. जुलैपासून मान्सूनचे दुपारचे वळीव सुरू होतात, तेव्हा कच्च्या रस्त्यांवरचे ओढे अचानक भरतात. स्ट्राँगहोल्डला जायचं असेल तर आकाश बघूनच गाडी घाला.